मुख्याध्यापकांना शिक्षकांनी मार्क द्यावेत का?

गणितवाले सर: आपला गोपनीय अहवाल दरवर्षी मुख्याध्यापक लिहितात, मग त्यांचं नेतृत्व कसंय हे आपल्याला कुणी का विचारत नाही? शाळासिद्धीत, म्हणजे शाळांच्या मूल्यमापनाच्या सरकारी आराखड्यात, नेतृत्व आणि व्यवस्थापन हे क्षेत्र आहे, पण त्यात मुख्य भर स्वयंमूल्यमापनावर, म्हणजे पुढाकार परत मुख्याध्यापकांचाच. शालेय नेतृत्वाचे संशोधक फिलिप हॅलिंजर यांची मुख्याध्यापकांच्या नेतृत्वावरची १९८० च्या दशकातली प्रश्नावली बऱ्याच देशांत वापरली जाते, ५० विधानं, प्रत्येकाला १ ते ५, आणि ती शिक्षक भरतात. आपल्याकडेही सुरू करा.

स्वप्नजा: सर, माझा विरोध आहे. अनुदानित शाळेत स्टाफरूममध्ये गट असतात, संस्थाचालकांच्या जवळचे वेगळे. जे हेड उशिरा आलं तरी बोलत नाहीत ते सगळ्यांचे लाडके, आणि ज्या मॅडम वर्गात येऊन तास बघतात, वह्या तपासल्या का विचारतात, त्यांना सगळे मिळून १ देतील. मग चांगलं काम करायचं कुणी?

गणितवाले सर: ताई, मॅडम आवडतात का असं त्यात विचारतच नाहीत. तास बघून नंतर त्यावर बोलतात का, निकालावर शिक्षकांशी चर्चा करतात का, हे किती वेळा घडतं तेवढंच विचारतात. तास बघणाऱ्या मॅडमना उलट जास्त मार्क पडतील.

स्वप्नजा: कागदावर पडतील हो. राग असला की माणूस प्रश्न वाचत नाही, सरसकट १ करत जातो.

झेडपी शिक्षक: आमच्याकडे हेड धरून तीन जण. नाव नाही लिहिलं तरी कुणी काय दिलं ते संध्याकाळपर्यंत कळणार, त्यामुळे सगळे ५ देऊन मोकळे होतील. आणि आमचे हेड स्वतः दोन वर्ग एकत्र सांभाळतात वर यू-डायसवर शाळेची माहिती ऑनलाइन भरणं, पोषण आहाराच्या नोंदी, ते तास बघणार कधी? कमी मार्क त्यांच्या नेतृत्वाला का अपुऱ्या स्टाफला?

अनुभवी: मी मुख्याध्यापक आहे, मला शिक्षकांचं मत हवंय. फक्त नुसती सरासरी काढू नका. अर्ध्यांनी ५ आणि अर्ध्यांनी १ दिला तर सरासरी ३ येते, ठीकठाक वाटतं, खरं तर शाळा दुभंगलेली असते आणि मला तेच कळायला पाहिजे. अहवाल आधी मला द्या, पदोन्नतीला जोडू नका.

गणितवाले सर: तुम्ही वाचाल सर, पण ज्यांना खरी गरज आहे ते फाईलला लावून विसरतील. निदान आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांकडे तरी एक प्रत गेलीच पाहिजे.

स्वप्नजा: केंद्रप्रमुखांकडे गेली की तिथूनच राजकारण सुरू, माझा विरोध कायम.