बाखच्या आधीचं संगीत निव्वळ गणित?

‘जर्मन संगीतकार बाखच्या आधीचं युरोपीय संगीत म्हणजे स्वरांचं गणित, त्यात भावना शोधू नये’ हे मत मला अजिबात पटत नाही. गणित होतं हे खरं, पण भावना त्यातूनच उभी केली जायची. बाखच्या आधीचा इटालियन संगीतकार क्लाउदिओ माँतेवेर्दी याचं ‘लामेंतो देल्ला निन्फा’ (अप्सरेचा विलाप) ऐका. ते 1638 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या त्याच्या मॅड्रिगलांच्या (कवितेवर रचलेल्या, अनेक आवाजांत गायच्या गाण्यांच्या) आठव्या पुस्तकात आहे. प्रियकर सोडून गेलेली एक मुलगी विलाप करते आणि खाली खर्जात चारच स्वर उतरत राहतात. आपल्या भाषेत सा, कोमल नी, कोमल ध, प. पुन्हा सा, कोमल नी… शेवटपर्यंत हेच. पेटीवर डाव्या हाताने हे चार स्वर धरून वर तिची ओळ वाजवून बघितली, तेव्हा अंगावर काटा आला. खालचं चक्र संपतं तिथे तिचं वाक्य संपतच नाही, ते पुढच्या आवर्तनात सांडतं. मध्येच ती खालच्या स्वराला टोचणारा स्वर धरून ठेवते.

आणि आणखी एक गोष्ट: माँतेवेर्दीने छापील सूचनाच दिली आहे की, विलापाच्या आधी आणि नंतर तीन पुरुषांनी हाताच्या तालावर गावं, पण विलापात तिने मात्र मनातल्या भावनेच्या लयीत गावं आणि त्यांनी तिच्यामागे जावं. विलाप चालू असताना ते तिघे ‘बिचारी’ म्हणत हळहळतात, ती मात्र त्यांच्याकडे वळूनही बघत नाही. विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला ही मोकळीक लगेच ओळखू येईल.