प्रतिसाद: राउटर आणि बॅकअप ड्राइव्ह

फायबर इंटरनेटच्या डब्याला (कंपनीचा मोडेम-राउटर) नवा राउटर जोडला, त्यात हार्ड डिस्क लावली, पण डब्याच्या वायफायवरच्या लॅपटॉपला ती दिसत नाही, असं वर विचारलंय. कारण डबा आणि राउटर दोघंही आयपी (प्रत्येक यंत्राचा नेटवर्कमधला पत्ता) वाटतायत आणि घरात दोन वेगळी नेटवर्क झालीत. नव्या राउटरचा पत्ता आधी १९२.१६८.१.२ करा (जुना १९२.१६८.१.१ असेल तर), त्याचं डीएचसीपी (आयपी वाटणारी सोय) बंद करा आणि डब्याकडून येणारी केबल वॅन (इंटरनेटसाठीच्या) पोर्टाऐवजी लॅन (घरातल्या यंत्रांसाठीच्या) पोर्टात घाला. राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड (स्वतंत्र नेटवर्क न बनवता फक्त वायफाय पुरवणं) असेल तर तो चालू करा, एवढंही नको.

बॅकअप रेंगाळतोय त्याचं कारण बहुधा नेटवर्क केबल. आठपैकी चारच तारा जुळल्या तर लिंक १०० एमबीपीएसवर (सेकंदाला मेगाबिट) अडते, म्हणजे सेकंदाला जेमतेम ११ एमबी (मेगाबाइट). ५०० जीबीला बारा-तेरा तास. पहिला बॅकअप लॅपटॉप केबलवर ठेवूनच घ्या. मोठी फाइल ४ जीबीपाशी अडत असेल तर डिस्क फॅट३२ (फाइली साठवण्याचा जुना फॉरमॅट) आहे. फॉरमॅट बदला, पण आतलं आधी दुसरीकडे हलवा.

डिस्क टक-टक करून गायब होते? यूएसबी २.० पोर्ट नियमाने ५०० मिलीअँपिअरच देतो, तेव्हा स्वतंत्र ॲडॅप्टरची डिस्क किंवा वीज पुरवणारा हब घ्या. यूएसबी ३.० च्या केबलमुळे २.४ गिगाहर्ट्झ वायफायही बिघडतं. डिस्क अँटेनापासून लांब ठेवा.

राउटर एसएमबी१ (नेटवर्कवर फाइली शेअर करायची जुनी, असुरक्षित पद्धत) च मागत असेल तर विंडोजमध्ये ते चालू करण्याच्या फंदात पडू नका, आधी राउटरच्या फर्मवेअरचा (आतल्या सॉफ्टवेअरचा) अपडेट बघा. आणि डिस्क कायम जोडलेली असेल तर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) तिलाही सोडत नाही. दुसरी प्रत कपाटात हवीच.