छाटणीचा व्हिडिओ टोळीला साध्या लिंकवर कसा दाखवायचा?

द्राक्षबाग_दिंडोरी: नमस्कार मंडळी. द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, तोंडावर आलीय. आमचे आण्णा ३५ वर्षं बाग छाटतायत, पण यंदा गुडघ्यांमुळे त्यांना सऱ्यांतून फिरवत नाही. म्हणून वेलीशेजारी खुर्ची टाकून त्यांचा २२ मिनिटांचा व्हिडिओ काढला. सबकेनची गाठ (शेंडा खुडल्यावर काडीला नवा फुटवा येतो ती जागा) कशी ओळखायची, तिच्यापुढे किती डोळे (काडीवरच्या कळ्या, जिथून फूट निघते) राखायचे, कात्री कशी धरायची, सगळं. तो मजुरांच्या टोळीला आणि भावकीतल्या दहा-बारा जणांना दाखवायचाय, बस.

त्यात चार रात्री गेल्या. व्हॉट्सॲपवर तुकडे करून पाठवला, तर चित्र इतकं पुसट की डोळा कुठला नि गाठ कुठली कळेना. मग पुतण्याने एक ॲप दिलं. खातं उघडा, ओटीपी टाका, 'वर्कस्पेस' बनवा, सदस्यांना ईमेलने बोलवा. आमच्या मुकादमाला ईमेलच नाही! काकांनी लिंक दाबली तर आधी ॲप घ्यायला लावलं, मग पासवर्ड मागितला. त्यांनी फोन ठेवून दिला. आठ दिवसांनी ती लिंकही बंद पडली.

आण्णा रोज विचारतात, "पाहिला का रे त्यांनी?" बघणाऱ्याने नुसतं बोट लावावं आणि व्हिडिओ चालू व्हावा, असं काही आहे का?

सातपूरकर: व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, चित्र खराब होत नाही. २ जीबीपर्यंत जातं.

द्राक्षबाग_दिंडोरी: फाइल पावणेतीन जीबीची आहे दादा. मुकादमाच्या फोनमध्ये तेवढी जागाही नाही.

गंगापूररोडची_मावशी: यूट्यूबवर 'अनलिस्टेड' करून चढवा. आमच्या भजनी मंडळाचे मी तसेच ठेवते. शोधून सापडत नाही, पण लिंक असलेल्याला खात्याशिवाय दिसतो. 'प्रायव्हेट' करू नका, पुन्हा ईमेलची कटकट. १५ मिनिटांहून मोठा आहे, म्हणून आधी तुमचा फोन नंबर पडताळून घ्यावा लागेल, एकदाच. आणि चढवल्या चढवल्या लिंक पाठवू नका. सुरुवातीला चित्र पुसटच असतं, स्पष्ट मागाहून होतं. मूळ फाइल पेनड्राइव्हवरही ठेवा हो, वडिलांच्या हातचं आहे ते.

द्राक्षबाग_दिंडोरी: मावशी, झालं! रात्री चढवला, सकाळी लिंक पाठवली. मुकादमाने बांधावर बसून गाठीपाशी थांबवून थांबवून पाहिला आणि लगेच आण्णांना फोन लावला, "बारीक काडीला एक डोळा राखू का दोन?" आण्णा अर्धा तास बोलत होते.