दुपारी घर बंद ठेवायचं की उघडं?

खिडकीबंद

आमच्याकडे उन्हाळा लागला की घरात शीतयुद्ध सुरू होतं. 'शीत' नावापुरतंच.

मी सकाळी आठच्या सुमारास सगळ्या खिडक्या लावून पडदे ओढून घेतो. अकराच्या आसपास बाबा उठतात आणि एकेक खिडकी उघडत सुटतात. "घराचं गोदाम करून ठेवलंस. वारा यायचा कुठून?" मी म्हणतो, बाबा, तो वारा नाही, झळा आहेत. ते म्हणतात, झळा तर झळा, काहीतरी हलतंय ना!

माझं म्हणणं साधं आहे. रात्रभरात घर जेवढं निवलं, तेवढीच आपली दिवसाची पुंजी. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम झाल्यावर खिडकी उघडी टाकणं म्हणजे ती पुंजी दोन्ही हातांनी उधळणं. बऱ्याच जणांना वाटतं, बारा वाजता सगळ्यात जास्त तापतं. ऊन तेव्हा कडक असतं हे खरं, पण हवा दुपारी तीन-चारपर्यंत चढतच राहते, कारण तोवर जमिनीत जाणारी उष्णता बाहेर पडणाऱ्यापेक्षा जास्त असते. म्हणजे जेवून झाल्यावर "आता जरा वारा घेऊ" म्हणत बाबा खिडकी उघडतात, ती नेमकी दिवसातली सगळ्यात वाईट वेळ.

जागतिक आरोग्य संघटनासुद्धा हेच सांगते: दिवसा खिडक्या बंद आणि उन्हाला आडोसा, रात्री बाहेर गार झालं की सगळं सताड उघडं. मी हे बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उठून स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

तर मंडळी, तुम्ही कोणाच्या बाजूने?

हवेशीर

बाबांच्या. डोळे झाकून.

तुमच्या हिशोबात माणसं धरलेलीच नाहीत. नुसतं बसून असलेलं माणूसही साधारण 100 वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बइतकी उष्णता बाहेर टाकतं. आम्ही घरात पाच जण, त्यात सुट्टीमुळे मुलं दिवसभर घरात. म्हणजे पाच बल्ब पेटवून दारं लावायची आणि वर म्हणायचं की गारवा जपतोय! शिवाय शेगडी, शिवाय फ्रिज. फ्रिज आतली उष्णता मागच्या बाजूने घरातच सोडतो, हे उन्हाळ्यात फ्रिजचं दार उघडून त्यासमोर उभ्या राहणाऱ्या माझ्या मुलाला अजून पटलेलं नाही.

दुसरं म्हणजे घाम. थर्मामीटर काय म्हणतो हे गेलं खड्ड्यात, घाम वाळतोय का ते बघा. एक लिटर घाम अंगावर पुरता वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. निथळून फरशीवर पडला तर काहीच नेत नाही, फक्त फरशी पुसायचं काम वाढवतो. बंद खोलीत पाच जणांच्या श्वासाची आणि घामाची वाफ कोंडली की वाळणार काय, कपाळ?

खिडकीबंद

@हवेशीर, हवा हलवायला पंखा आहे की. मी खोली बंद करायला सांगतोय, पंखा बंद करायला नाही.

पंखा_पाचवर

पंख्याचं नाव निघालंय म्हणून सांगतो. पंखा खोली गार करत नाही. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा उलट खोली तापवतो. साध्या छताच्या पंख्याची 70-75 वॉट वीज शेवटी उष्णता होऊनच खोलीत राहते. गार वाटतं ते अंगावरचा घाम वाळतो म्हणून. तरीही आमच्याकडे प्रत्येक जण खोलीतून जाताना पंखा तसाच सोडून जातो. विचारलं की उत्तर ठरलेलं, "परत येईन तेव्हा गार असेल." मी आता समजावणं सोडून दिलंय, मागून जाऊन बटण बंद करतो.

आणखी एक. फार तापलेल्या हवेत पंखाही उलटतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 40 अंशांची आहे. त्याच्या वर पंखा अंगावर गरम हवाच मारतो. म्हणजे खिडकीबंद यांचा पंख्याचा मुद्दा चालण्यासाठीसुद्धा आधी घर बंद ठेवून 40 च्या खाली राखावं लागेल. बघा, मी तुमच्याच बाजूने बोललो. मुद्दाम नाही, ओघात आलं.

वरचा_मजला

तुमची ही सगळी भांडणं खालच्या मजल्यावरची. डोक्यावर दुसऱ्याचं घर असलेल्या माणसाने उन्हाळ्यावर बोलूच नये.

आमच्या डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब आहे. तो दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळनंतर सावकाश आमच्यावर ओकतो. दुपारी दोनला माझं घर तुमच्यापेक्षा फार वाईट नसतं. खरी गंमत रात्री नऊला. जेवण उरकून गादीवर पाठ टेकली की वरून कोणीतरी इस्त्री धरल्यासारखं वाटतं. स्टुलावर चढून छताला हात लावून बघितलाय मी, दहा वाजता. तळहात काढून घ्यावासा वाटत होता. बाहेर तोवर छान झुळूक सुटलेली.

जाड विटांच्या भिंतीचंही तेच. नऊ इंची भिंतीतून बाहेरची झळ आत पोचायला सहा-आठ तास लागतात. दुपारी वाटतं, वा, काय भिंत आहे! रात्री तीच भिंत शेगडी होते. तेव्हा दिवसा खिडकी उघडी की बंद यावर एवढं रान उठवू नका. संध्याकाळी सातपासून सगळं उघडलं नाही तर दिवसभराचं बंद ठेवणं पाण्यात.

आणि टाकीतल्या पाण्याबद्दल तर बोलायलाच नको. उन्हाळ्यात दुपारी थंड पाण्याने आंघोळ करायची तर बादली आदल्या रात्री भरून ठेवावी लागते. नळाला येतं ते आयतं कढत. गिझर कशाला लावला ते हिवाळ्यापर्यंत कळत नाही.

नाईट_ड्यूटी

@वरचा_मजला, सातपासून सगळं उघडा म्हणे. आणि डास? अंधार पडता पडता डास आत शिरतात आणि मग रात्रभर कानाशी मैफल. डासांच्या माद्या आपल्या उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत येतात. म्हणजे जो जोरात घोरतो त्याच्याकडे आधी जायला हवं, पण आमच्याकडे घोरणारा शांत झोपतो आणि ऐकणारा चावून घेतो.

मी दिवसा झोपतो, त्यामुळे माझं मत आधीच ठरलेलं: बंद, जाड पडदा, मिट्ट काळोख. उघड्या खिडकीवाल्यांनी सकाळी अकराला झोपून दाखवावं. समोर कोणाचं तरी बांधकाम, खाली मुलांचा क्रिकेटचा सामना, आणि दर वीस मिनिटांनी चेंडू मागायला दारावरची बेल.

वरचा_मजला

जाळी बसवा हो. आणि पंखा पायांच्या दिशेने. डास वाऱ्यात नीट उडू शकत नाहीत.

दमटकर

इथे सगळे एकच हवामान धरून भांडताहेत. कोरड्या हवेत दिवसरात्रीच्या तापमानात मोठी तफावत असते, म्हणून रात्रीचा गारवा कोंडून ठेवायला अर्थ आहे. दमट हवेत रात्रही उकडतेच. साठवायला पुंजीच नाही, मग तिजोरीला कुलूप कशाला? मी समुद्राजवळ वाढलो आणि आता कोरड्या भागात राहतो. पहिले दोन उन्हाळे मी सवयीने सगळं उघडं टाकून बसलो आणि भाजून निघालो. आता बंद ठेवतो. आई-वडिलांकडे गेलो की उघडतो. यात कोणी कोणाला हरवण्यासारखं काही नाही.

हवेशीर

@दमटकर, तुम्ही आम्हाला हरू दिलं नाहीत याचं वाईट वाटलं. भांडण मस्त रंगलं होतं.

सोळा_डिग्री

एसी घ्या आणि सुखी व्हा. नमस्कार.

पंखा_पाचवर

@सोळा_डिग्री, नावावरूनच कळतंय. साध्या, एकाच वेगाने चालणाऱ्या एसीला 16 वर ठेवलं म्हणून तो लवकर गार करत नाही, फक्त बंद व्हायचं नाव घेत नाही. 26-27 वर ठेवून सोबत पंखा लावा. पंख्याने खोली चारेक अंश गार भासते.

सोळा_डिग्री

माहीत आहे हो. नाव कॉलेजातलं आहे, आता विजेचं बिल मी भरते, त्यामुळे 26.

पण खरं सांगू? एसीचं भांडण आकड्याचं नसतंच. आमच्याकडे एसी एकाच खोलीत. त्यामुळे एप्रिल-मे मध्ये सगळं घर त्या खोलीत राहायला येतं. सासूबाईंचा पलंग, जमिनीवर दोन गाद्या, दारापाशी नवरा लॅपटॉप घेऊन. सासूबाईंना थंडी वाजते, त्या 28 करतात. लेक झोपेचं सोंग घेऊन पांघरुणाखालून 22 करते. रिमोट रात्रभरात तीन वेळा हरवतो. मध्येच कोणीतरी पाणी प्यायला उठतं आणि दार उघडं टाकतं. मग अंधारातून तीन आवाज एकदम: "दाऽऽर!"

एवढा वैताग आहे, पण गंमत अशी की वर्षातले बाकीचे महिने आम्ही चौघं चार खोल्यांत असतो. रात्री साडेअकराला अंधारात सासूबाई त्यांच्या शाळेतल्या गोष्टी सांगतात, त्या फक्त उन्हाळ्यातच. पहिला पाऊस पडला की गाद्या आपापल्या खोलीत.

दमटकर

@सोळा_डिग्री, तुमचा एसी खरं तर माझ्यासारख्यांसाठी जन्माला आला. विलिस कॅरिअर यांनी 1902 मध्ये पहिली यंत्रणा आखली ती माणसांना गार करायला नाही, छापखान्यासाठी. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसायचे नाहीत. म्हणजे मुळात हवा कोरडी ठेवायचं काम. दमट जागी एसी लावल्यावर जे 'हाऽश' होतं, त्यात निम्मा वाटा कोरडेपणाचा. आणि दीड टन, दोन टन म्हणतो ते बर्फावरून: एक अमेरिकी टन, म्हणजे 907 किलो, बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेतो तेवढी ताकद.

कूलरचा_बळी

कूलरवाल्यांचं कोणीच बोललं नाही, म्हणून मी.

गेल्या वर्षी असाच सल्ला वाचून मी खिडक्या गच्च लावल्या आणि कूलर खोलीच्या मधोमध ठेवला. पहिला अर्धा तास स्वर्ग. दीड तासाने पुस्तकाची पानं मऊ पडली, चादर ओलसर, कपाटाचं दार फुगून अडकलं, आणि आम्ही घामाने चिंब. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, ती दमट झालेली हवा बाहेर जायला वाट लागते. कूलर खिडकीत, आणि समोरची दुसरी खिडकी थोडी किलकिली. एसीला बंद खोली हवी, कूलरला उघडी. हे मला दुकानदाराने सांगितलं नाही, फुगलेल्या दाराने सांगितलं. ते दार अजून नीट लागत नाही.

आडवी_फरशीवर

किती ते तापलाय सगळे! उन्हाळ्यात घरात चांगलं काहीच नाही का?

धुतलेली जीन्स दोन तासांत खडखडीत वाळते. पावसाळ्यात चार दिवस कुबट वास सोडत लोंबकळते तीच.

दुपारी गादी सोडून उघड्या फरशीवर आडवं व्हायचं. अंगाखालची फरशी तापली की एक वळसा घेऊन शेजारच्या गार फरशीवर. तासाभरात मी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचते. लहानपणी भावंडांबरोबर यावरून मारामारी व्हायची: दारापाशी वारा येतो ती जागा कोणाची. आता सगळी फरशी माझी आहे. भांडायला कोणी नाही हीच काय ती तक्रार.

आणि लाईट जाणं. दुपारी गेली तर शिव्या, मान्य. पण रात्री गेली की सगळ्या गॅलऱ्यांत माणसं येतात. वर्षभर ज्यांचा फक्त दरवाजा माहीत असतो, त्यांचा आवाज कळतो.

नाईट_ड्यूटी

रात्री लाईट गेलेली तुम्हाला आवडते? तुमच्याकडे इन्व्हर्टर असणार.

आडवी_फरशीवर

आहे. पण त्यावर एकच पंखा चालतो आणि तो आईच्या खोलीत आहे.

हवेशीर

@खिडकीबंद, एक राहिलं. तुम्ही पडदे ओढता म्हणालात, आतल्या बाजूने. काचेतून ऊन आत येऊन पडदा तापला की ती उष्णता बऱ्यापैकी घरातच राहते. आडोसा काचेच्या बाहेर हवा. म्हणजे तुमचं बंद घरसुद्धा अर्धवटच बंद आहे. बाबांना सांगा.

खिडकीबंद

@हवेशीर, मुद्दा मान्य, पण बाबांना सांगणार नाही.

एक बातमी द्यायची होती. इथली चर्चा वाचून मी दोन थर्मामीटर आणले. एक माझ्या बंद खोलीत, एक बैठकीत, जिथे बाबांचं राज्य आहे. रविवारी दुपारी चार वाजता माझ्याकडे 33, बैठकीत 37. मी दोन्ही उचलून बाबांसमोर धरले. चष्मा लावून त्यांनी नीट वाचले. म्हणाले, "बरोबर असेल." मी म्हटलं, मग? तर म्हणाले, "तुझ्या खोलीतून रस्ता दिसत नाही."

इतके दिवस मी त्यांच्याशी वाऱ्यावरून भांडत होतो.

काल बैठकीतली पश्चिमेची खिडकी लावून बाहेरून जुनी चादर बांधली (आभार, हवेशीर). बाबांची खुर्ची उत्तरेच्या खिडकीशी नेऊन ठेवली. तिथे दुपारी ऊन नसतं, रस्ता दिसतो. एवढी एक उघडी राहील, ठरलं.

आज साडेअकराला बघतो तर खुर्ची जिथल्या तिथे, बाबा पश्चिमेच्या खिडकीपाशी उभे राहून चादरीची गाठ सोडताहेत. "इकडून कोपऱ्यावरचं वळण दिसतं," म्हणाले.