कारागृहात विधी सहाय्य : लॉच्या विद्यार्थ्यांनी नेमकं काय करायचं?

पुसद_लॉ_तिसरं_वर्ष
कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्रातर्फे यवतमाळ जिल्हा कारागृहात जायचं ठरतंय. वकिलीची सनद कोणाकडेच नाही. कच्च्या कैद्यांसाठी आम्हाला काय करता येतं? काय विचारायचं, काय टाळायचं? कोणी फक्त कोलामी ही आदिवासी भाषाच बोलत असेल तर?

वणीचा_विधी_स्वयंसेवक
थेट फाटकावर जाऊ नका. कॉलेजच्या पत्रासोबत विद्यार्थ्यांची यादी आणि ओळखपत्रांच्या प्रती जोडून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे अर्ज द्या. मोबाइल बाहेरच राहील, म्हणून छापील फॉर्म न्या.

वकीलपत्र आणि युक्तिवाद तुमचं काम नाही. अर्जाचा मसुदा करा, पण तो लोक अभिरक्षक कार्यालयातल्या (आरोपींना मोफत वकील देणारं प्राधिकरणाचं कार्यालय) वकिलाला दाखवूनच पुढे जाऊ द्या. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. हे पहिल्याच भेटीत सांगा, नाहीतर घरचे दाखल्यासाठी तहसीलचे हेलपाटे घालत बसतात.

फॉर्मवर गुन्हा क्रमांक, ठाणं, कलमं, पहिल्या रिमांडची तारीख, चार्जशीट लागली का, वकील कोण, घरचा फोन एवढं घ्या. घटना कशी घडली हे मात्र विचारू नका. वकील-अशिलाच्या गोपनीयतेचं संरक्षण तुमच्या वहीला मिळेलच असं धरू नका.

तारीख_पे_लक्ष
दादा, खरं काम तारखांचं आहे. बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १८७(३) : चार्जशीट ६० दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आली नाही तर जामीन हा हक्क. मोजणी पहिल्या रिमांडच्या दिवसापासून, तो दिवस धरून. अर्ज चार्जशीटच्या आधी पडला पाहिजे. एक दिवस उशीर झाला आणि तेवढ्यात चार्जशीट आली की हक्क गेला.

त्याच संहितेचं कलम ४७९ : कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला तर सुटका, पूर्वी शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांश. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे अशा माणसाचं एक वर्ष. फाशी-जन्मठेपेच्या कलमांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असले तर उपकलम (२) आडवं येतं. म्हणून दुसरी केस आहे का हे विचाराच. अर्ज करणं कारागृह अधीक्षकांचं कर्तव्य आहे, पण अशा पात्र कैद्यांच्या यादीत नाव आहे का ते तुम्ही पाहा.

दारव्हा_तालुका
जामीन मंजूर होऊनही माणूस आत राहतो, तिथं जास्त लक्ष द्या. कोठडीच्या वारंटवर ‘मारोती’ आणि सुटकेच्या आदेशावर ‘मारुती’, एवढ्यावर कागद परत जातो. गुन्हा क्रमांक, वडिलांचं नाव, ठाणं अक्षर न् अक्षर ताडून पाहा. जामीनदाराचा सातबारा आजोबांच्याच नावावर किंवा सामायिक असला की अडचण येते. फेरफार आधी तपासा.

आदेशानंतर सात दिवसांत सुटका नाही झाली तर अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. जामीन महिनाभर भरता आला नाही तर कोर्ट अटी सैल करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलंय. जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्या हमीवर) सोडा, असा अर्ज वकिलामार्फत द्या. गरीब बंद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजनाही आहे. एनडीपीएस (अमली पदार्थ), यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंध) वगैरे कायद्यांखालचे गुन्हे तीत बसत नाहीत.

पुसद_लॉ_तिसरं_वर्ष
आणि कोलामीचं?

वणीचा_विधी_स्वयंसेवक
दुभाषा प्राधिकरणाकडे आधीच मागा. बराकीतलाच दुसरा बंदी बसवू नका, तो सहआरोपी असू शकतो. मराठीत ‘हो हो’ म्हणणाऱ्याला तारीख उलट विचारून बघा. जुळली नाही तर तो रकाना कोराच ठेवा आणि वारंटवरून भरा.