विजेच्या स्मार्ट मीटरवर लघुप्रबंध करायचा आहे, विषय कसा बांधावा?

तिसरा_फेज:
इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगनंतर आता बडोद्यातच समाजशास्त्रात एम.ए. करतो आहे. लघुप्रबंधासाठी 'स्मार्ट प्रीपेड मीटरचा बडोद्यातील समाजावर परिणाम' असं शीर्षक दिलं, तर गाईड म्हणाले, "फार पसरट आहे आणि यात प्रश्न कुठे आहे?" हातात चार महिने आहेत. दोनशे जणांना गुगल फॉर्म पाठवायचा विचार आहे. प्रश्न कसा मांडावा आणि मीटरची तांत्रिक माहिती कितपत घालावी? जाणकारांनी कृपया सांगावं.

दांडिया_बाजार:
गाईडचं बरोबर आहे. 'परिणाम' म्हटलं की मीटर आधीच पुरा तयार होता आणि लोक नुसते बघत बसले, असं गृहीत धरल्यासारखं होतं. २०२४च्या मे महिन्यात याच, म्हणजे आधी रिचार्ज करून वीज वापरायच्या मीटरविरुद्ध बडोद्यात निदर्शनं झाली, लोक जुने मीटर परत मागत होते. तुमचा विषय तिथे आहे.

तंत्रज्ञानाचे समाजशास्त्रज्ञ पिंच आणि बायकर यांचा सायकलवरचा १९८४चा लेख आधी वाचा. एकच वस्तू वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी दिसते, असं ते सांगतात. हवेचा टायर आला तो गचके कमी करायला. शर्यतवाल्यांना गचक्यांचं काही वाटत नव्हतं, त्यांनी त्याची टिंगल केली. त्याच टायरवर शर्यती जिंकल्या जाऊ लागल्या तेव्हा त्यांच्या लेखी तो वेगाचा टायर झाला. हीच पद्धत मीटरला लावा. वीज कंपनीसाठी तो थकबाकी वसुलीचं साधन आहे. घरमालकाच्या दृष्टीने भाडेकरूच्या बिलाची कटकट संपते. हातावर पोट असलेल्या घराची मात्र दोन महिन्यांची उधारी बंद होते, आणि रीडिंग घेणाऱ्या माणसाला तर नोकरीचीच धास्ती. या प्रत्येकाची अडचण वेगळी लिहून काढा, मग शीर्षक आपोआप आवळत जाईल. उदाहरणार्थ, 'प्रीपेड मीटरवरचा अविश्वास: मोजणीवर, दरावर की आगाऊ पैशांवर?' याचं उत्तर शोधता येतं.

वस्तूंच्या रचनेतही राजकारण असतं हे दाखवायला, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे बुटके पूल गरिबांच्या बसगाड्या अडवायला बांधले, हे अभ्यासक विनर यांचं १९८०चं उदाहरण या विषयात सगळेच घालतात. घालायचंच असेल तर समाजशास्त्रज्ञ योर्गेस यांनी त्यावर १९९९मध्ये घेतलेले आक्षेपही द्या, नाहीतर व्हायव्हात अडकाल.

न्यूट्रल_वायर:
तांत्रिक माहिती दोन पानं पुरे, पण ती चुकायला नको. स्मार्ट मीटरचं भारतीय मानक आयएस १६४४४ आहे. वर्ग १चा मीटर म्हणजे ठरलेल्या भाराच्या पट्ट्यात मोजणी साधारण एक टक्का इकडेतिकडे. तेव्हा कोणी 'बिल दुप्पट झालं' म्हणालं तर त्याला खोटं पाडू नका आणि लगेच मीटरवरही खापर फोडू नका, आधी हिशोब पाहा. दोन महिन्यांनी येणाऱ्या बिलाऐवजी रोज कपात होते, स्थिर आकारही त्यातूनच जातो, मागची बाकी असली तर तिचा हप्ताही. शिवाय मे महिना, म्हणजे कूलर आणि एसी. रिचार्जचे रुपये लोकांच्या लक्षात राहतात, युनिट राहत नाहीत. म्हणून "बिल वाढलं का?" असं विचारण्यापेक्षा मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांचं बिल मागा आणि युनिटशी युनिट ताडून पाहा.

गुगल फॉर्मचा नाद सोडा. ज्यांना मोबाईलवरून रिचार्ज सहज जमतं तेच फॉर्म भरतील, ज्यांना जमत नाही ते तुमच्या आकड्यांतून गळतील, आणि भांडण तर त्यांचंच आहे. त्यापेक्षा दोन वेगळ्या वस्त्या घ्या, एक स्वतःच्या फ्लॅटवाल्यांची, एक भाडेकरूंची, आणि मिळून वीस-पंचवीस सविस्तर मुलाखती करा. तासाभराची मुलाखत उतरवायला चार ते सहा तास लागतात, हे वेळापत्रकात आधीच धरा. माणूस गुजराती, मराठी, हिंदी मिसळून बोलेल, ते तसंच उतरवा. भाषांतर फक्त प्रबंधात येणाऱ्या उताऱ्यांचं करा. बिलाचा फोटो घेतलात तर ग्राहक क्रमांक आणि नाव झाका, संमतीपत्र गुजरातीतही ठेवा.

तिसरा_फेज:
फॉर्म रद्द. कंपनीकडून आकडे कसे मिळवावेत?

दांडिया_बाजार:
माहिती अधिकारात. गुजरातेत अर्जाची फी २० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, आणि अपील करावं लागलं तर आणखी महिना-दीड महिना. म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. मीटर पुरवठादाराबरोबरचा करार मागितलात तर कलम ८(१)(ड) म्हणजे व्यापारी गुपित दाखवून नकार येऊ शकतो. तो वेगळ्या अर्जात मागा, म्हणजे बाकीची माहिती त्यापायी अडकणार नाही. किती तक्रारी आल्या, किती मीटर तपासले, किती सदोष निघाले, असे सुटे आकडे मागा. 'का' विचारू नका, कार्यालयात असलेली नोंदच ते देतात. दराचे आदेश मागायची गरजच नाही, वीज नियामक आयोगाच्या वेबसाईटवर आहेत.

मोडी_वाचक:
एक प्रकरण इतिहासाचं घालता येईल. आजवा तलावाचं पाणी १८९२मध्ये शहरात आलं. नळाचं पाणी आणि त्याची पट्टी लोकांनी कशी स्वीकारली, हे तुमच्या मीटरशेजारी ठेवायला चांगलं आहे. गायकवाडी दप्तरातले कितीतरी जुने कागद मोडीत आहेत.

न्यूट्रल_वायर:
विषय छान आहे, पण चार महिन्यांत नको. मोडी शिकण्यातच दोन जातील. संस्थानचे वार्षिक प्रशासन अहवाल इंग्रजीत छापलेले आहेत, विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात आधी ते मागून पाहा. प्रस्तावनेपुरती दोन-तीन पानं निघाली तर घ्या, दप्तर पीएचडीला उघडा.