अर्गन तेलात माका शिजवावा का? आणि ते पोटात घेता येतं का?

मृण्मयी_क
मोरोक्कोचं कोल्ड प्रेस्ड अर्गन तेल १०० मिली आहे. त्यात माक्याचा रस आटवून केशतेल करायचा विचार आहे. केस कोरडे आहेत, टोकांना फाटे फुटतात. थंडीत पायाच्या नळ्यांवरची त्वचाही पांढरी पडते. शिवाय रोज सकाळी एक चमचा प्यावं असं वाचलं, ते योग्य आहे का? आयुर्वेदात याचे गुण काय सांगितलेत?

वैद्य_सातारा
ताई, अर्गन शिजवू नका. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ज्याच्या बियांचं हे तेल, ते अर्गनचं झाड मोरोक्कोच्या नैर्ऋत्य भागातलं, सूस खोरं आणि एस्सावीराच्या आसपासचं. आपल्या संहितांमध्ये त्याचा उल्लेख नाही. चरकसंहितेत सर्व तेलांत तिळाचं तेल श्रेष्ठ ठरवलंय. म्हणून बाटलीवर ‘वातपित्तशामक’ असं छापलेलं असेल तर तो विकणाऱ्याचा अंदाज समजायचा. स्निग्ध आहे, रूक्ष त्वचेवर आणि केसांवर बाहेरून चालतं, एवढंच ठामपणे म्हणता येईल.

आता पाक, म्हणजे तेलात रस आटवणं. हे काम तासन् तास चालतं. अर्गनमध्ये साधारण एक तृतीयांश लिनोलिक आम्ल (एक मेदाम्ल) असतं, ते उष्णतेने लवकर खराब होतं आणि ज्यासाठी एवढे पैसे मोजले ते टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्व) ही कमी होत जातं. त्यामुळे पाक तिळाच्या तेलातच करा. २०० मिली तीळतेल, ८०० मिली माक्याचा ताजा रस, २५ ग्रॅम माक्याचा कल्क (वाटलेला गोळा). साधं प्रमाण कल्क १, तेल ४, द्रव १६ असं असतं, पण द्रव म्हणून स्वरस (ताजा रस) वापरला की आयुर्वेदाचे ग्रंथकार शार्ङ्गधर यांच्यानुसार कल्क तेलाच्या एक अष्टमांश घेतात. जाड बुडाच्या, रुंद तोंडाच्या भांड्यात मंद आच ठेवा आणि बूड खरवडत ढवळा, कारण कल्क तळाशी बसला की आधी तोच जळतो. एका दिवसात उरकायची घाई नको, दोन-तीन दिवसांत थांबत थांबत आटवा.

पाक झाला हे असं ओळखा: तेलावर फेस येतो, कल्क बोटांत वळला तर त्याची वात होते, आणि ती वात विस्तवावर धरली तर तडतडत नाही. तडतडली म्हणजे पाणी उरलंय. असं तेल थोड्याच दिवसांत आंबूस वासाचं होतं, बुरशीही धरतं. कल्क काळा, कडक झाला तर पाक जळाला, ते तेल डोक्याला लावू नका. कोमट असताना गाळा, पूर्ण गार झाल्यावर दर १८० मिलीला २० मिली अर्गन मिसळा आणि गडद काचेच्या कोरड्या बाटलीत भरा.

फाटलेली टोकं तेलाने जुळत नाहीत, ती कापावीच लागतात. नवे फाटे कमी व्हावेत म्हणून न्हाल्यावर ओलसर केसांच्या खालच्या अर्ध्या भागाला नुसत्या अर्गनचे २-३ थेंब पुरे. नळ्यांवर आंघोळीनंतर त्वचा ओलसर असतानाच ४-५ थेंब चोळा. कोरड्या त्वचेवर लावलं तर तेल वर नुसतं तरंगतं, कारण आत धरून ठेवायला ओलावाच नसतो.

तेलघाणा
आधी बाटलीची मागची बाजू वाचा. घटकांत ‘आर्गानिया स्पिनोसा कर्नेल ऑइल’ एवढंच हवं. यादीत पहिलं नाव डायमेथिकोन किंवा सायक्लोपेंटासिलॉक्सेन असेल तर ते सिलिकॉनचं सीरम आहे. केसांना चमक देतं, पण वरच्या मिश्रणात घालू नका. त्वचेचं तेल न भाजलेल्या बियांचं असतं, रंगाने फिकट सोनेरी. खाण्याचं तेल भाजलेल्या बियांचं, जास्त गडद, खमंग वासाचं. फ्रीजमध्ये ठेवून शुद्धता तपासायचा जो उपाय सांगतात, त्यावर विसंबू नका.

आहार_सल्ला
पिण्याबद्दल: त्वचेसाठी विकलेलं तेल पोटात घेऊ नका, ते खाद्य दर्जाचं असेलच असं नाही. खाण्याचं अर्गन मोरोक्कोत ब्रेडबरोबर खातात, बदाम आणि मधासोबत वाटून त्याचं ‘अमलू’ करतात. औषध म्हणून उपाशीपोटी चमचा घेण्याची गरज नाही. एका चमच्यात सुमारे ४०-४५ कॅलरी असतात, तेवढं दुसरं तेल किंवा तूप कमी करा. फोडणीला नको, वाढताना वरून घाला. सुक्या मेव्याची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊही नका, लावूही नका. इतरांनीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दोन दिवस पाहावं.

मृण्मयी_क
धन्यवाद. डोक्यात थोडा चिकट कोंडाही आहे. मग माक्याचं हे तेल रात्रभर ठेवू का?

वैद्य_सातारा
नको. चिकट, पिवळसर कोंड्यात वाढणाऱ्या मॅलसेझिया यीस्टला तेलातली मेदाम्लं खायला मिळतात, रात्रभर तेल म्हणजे त्याला खाऊ. आधी कीटोकोनॅझोल २ टक्के शाम्पू, आठवड्यातून दोनदा, ५ मिनिटं ठेवून धुवायचा, ४ आठवडे. तोवर अर्गन फक्त टोकांना, टाळूला नाही. कोंडा गेल्यावर माक्याचं तेल न्हाण्याआधी तासभर लावा आणि धुऊन टाका. खपल्या जाड असतील, टाळू लाल होत असेल किंवा केस गोल चकत्यांत जात असतील, तर तेल बंद ठेवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.